सिस्टरना किळस आली

सिस्टरना कशाचीच किळस येत नाही, अशी हॉस्पिटलभर त्यांची ख्याती होती. सर्जिकल वॉर्डात त्यांची उभी नोकरी गेली. सडलेल्या पायाचं ड्रेसिंग करायची वेळ आली की शिकाऊ पोरी तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायच्या, आणि सिस्टर एका हाताने ट्रे सावरत, दुसऱ्या हाताने पू निपटत पेशंटला विचारायच्या, "काय, काल मॅच बघितली का?" दुपारचा डबा त्या वॉर्डाच्या टोकाच्या टेबलावरच उघडायच्या. "माणसाच्या अंगातून येतं त्याची कसली घाण," असं त्यांचं म्हणणं. त्यात बढाई नव्हती. त्यांना खरंच काही वाटत नसे.

अशा बाईला किळस यायला काय लागतं, ते सांगतो. एक नवरा लागतो, एक जुनी गाडी लागते आणि फुकटात परदेश बघायची हौस लागते.

नवऱ्याला सगळे फिल्टरवाले म्हणत. दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकणं हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांचं तंत्र साधं होतं. दार उघडलं की वस्तूचं नाव काढायचं नाही, आधी प्यायला पाणी मागायचं. बाईने एकदा पेला हातात दिला की ती आपल्याला हाकलत नाही. मग आत जायचं, टेकायचं, पेला उजेडात धरायचा आणि एक उसासा सोडायचा. हा उसासा त्यांना फार छान जमायचा. आवाज तर असा पाकात मुरवलेला, की ऐकून झाल्यावर हात धुवावेसे वाटावेत.

सिस्टरना तो आवाज इतकी वर्षं फारसा ऐकावाच लागला नव्हता. यांची रात्रपाळी, त्यांची फिरती. एक आला की दुसरा निघाला. दोघांचा संसार दारात चपला घालता घालता झाला. मूलबाळ नव्हतं. दोघंही निवृत्त झाले तेव्हा कुठे सिस्टरना कळलं, की या माणसाबरोबर आपण कधी राहिलेलोच नाही. सकाळी फिरायला गेल्या की घरी परतायचं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. धाकट्या बहिणीने तर सांगूनच ठेवलं होतं, "ताई, माझी वरची खोली रिकामी आहे. ये, आणि राहायलाच ये." सिस्टर हसून विषय टाळायच्या. या वयात नवरा सोडायचा म्हणजे लोक काय म्हणतील, आणि सोडायचा तरी कशासाठी? मारत नाही, पीत नाही. गोड बोलतो हा काय गुन्हा झाला?

तेवढ्यात फिल्टरवाल्यांनी गाडीने परदेशी जायचं काढलं. सिस्टरनी मनाशी ठरवलं, जाऊन बघू. चोवीस तास एका गाडीत बसलं की माणूस कळतो. निभावण्यासारखा निघाला तर उरलेलं आयुष्य निभावून नेऊ, नाहीतर बहिणीची खोली आहेच.

परदेश म्हणजे सीमेपलीकडचा देश. तिकडचे लोक आपल्यासारखंच बोलतात, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी हेल काढतात. मोबाईलवर एक मंडळ होतं, प्रवाशांना हौसेने स्वतःच्या घरी ठेवून घेणाऱ्या लोकांचं. आपण आपली माहिती लिहायची, अमुक दिवशी येतो म्हणून कळवायचं, आणि ते दार उघडून उभे. लिहिण्याकळवण्याचं सगळं खातं फिल्टरवाल्यांकडे होतं. "राहणं फुकट, खाणं फुकट," ते हात चोळत म्हणाले, "आपण फक्त पेट्रोल घालायचं आणि गोड बोलायचं."

गाडीत बसल्या बसल्या सिस्टरच्या डोक्यात तिडीक जायला सुरुवात झाली. फिल्टरवाले मोजे काढून काचेखाली वाळत घालत. ऊन चढलं की तो आंबूस वास गाडीभर पसरे. वासाचं सिस्टरना काही नव्हतं, त्यांनी याच्या दसपट वास पचवले होते. पण त्या मोज्यांशेजारीच ते आदल्या घरून आणलेली बिस्किटं ठेवत आणि गाडी चालवता चालवता एकेक तोंडात टाकत. आदल्या घरून साबणाच्या वड्या येत, सॉसच्या पुड्या येत, एकदा तर स्नानगृहातली अर्धी वापरलेली टूथपेस्टही आली. "त्यांच्याकडे दुसरी होती," फिल्टरवाले म्हणाले.

माणसं मात्र भेटली ती देवमाणसं. पहिलं घर एका शाळामास्तरांचं. मास्तरीणबाईंनी सिस्टरना हाताला धरून पायऱ्या चढवल्या. "सावकाश, सावकाश. घाई नाही आपल्याला." सिस्टर हॉस्पिटलचे तीन मजले दिवसातून कितीदा चढत उतरत आलेल्या, त्यांना हसू आलं. जेवायला बाकीच्यांना झणझणीत भाजी आणि यांच्यापुढे बिनतिखटाचं पातळ सूप. इकडची पद्धत असेल म्हणून सिस्टरनी ते पिऊन टाकलं. मास्तर त्यांच्याकडे बघायचे आणि पटकन दुसरीकडे बघायचे. निघताना मास्तरीणबाईंनी इतकं घट्ट जवळ घेतलं की सिस्टरचा चष्मा वाकडा झाला.

दुसरं घर टायरवाल्याचं. दांडगा गडी, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं सगळं ओरडून. सिस्टर घरात आल्या आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. त्याने स्वतःची खाट यांना दिली आणि आपण बायकोपोरांसह दुकानात टायरांच्या थप्प्यांमध्ये झोपला. सिस्टर नको नको म्हणत राहिल्या. फिल्टरवाले म्हणाले, "अगं, त्यांचं मन मोडू नये." सकाळी टायरवाल्याने त्यांच्या गाडीचं एक झिजलेलं चाक आपण होऊन बदलून दिलं, आणि निरोप घेताना भर रस्त्यात हुंदका दिला. एवढा मोठा माणूस!

"किती हळवे लोक आहेत हो इकडचे," गाडी निघाल्यावर सिस्टर म्हणाल्या.

"मी म्हटलं नव्हतं?" फिल्टरवाले आरशात नवं चाक दिसतं का बघत म्हणाले.

त्यांचं वागणं बघून सिस्टरना तोंड लपवावंसं वाटायचं. प्रत्येक घरी तीच वाक्यं. "घरं पुष्कळ पाहिली, पण घरपण इथं पाहिलं." हे मास्तरांकडे झालं, तेच जसंच्या तसं टायरवाल्याकडे. जेवताना दोनदा वाढून घ्यायचं आणि तिसऱ्यांदा पोटावर हात ठेवून "आता नको" म्हणत ताट पुढे करायचं. आणि एक गोष्ट सिस्टरच्या बारीक नजरेतून सुटली नाही. बेल वाजवण्याआधी फिल्टरवाले दारात क्षणभर थांबत आणि चेहरा उतरवत. अंगातला कोट उतरवावा तसा. गाल खाली, खांदे खाली, डोळ्यांत पाणी येतंय न येतंय. दार उघडेपर्यंत त्या जागी दुसराच कोणी थकलेला, सोसलेला माणूस उभा असे. सिस्टरनी वॉर्डात नाटकी नातेवाईक खूप पाहिले होते, पण इतका सफाईदार नाही. बहिणीची खोली त्यांना रोज थोडी जास्त स्पष्ट दिसू लागली.

तिसरं घर गादीवाल्या बाईंचं.

बाई एकट्या. खाली गाद्या भरायचा कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या. कारखान्यात कापूस इतका उडत असे की बाईंच्या भुवया कायम पांढऱ्या. जाड बोटं, हातात दाभण, आणि बोलणं दाभणासारखंच, आरपार जाणारं. फिल्टरवाल्यांनी घर आणि घरपण सुरू केलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हो हो, आधी बूट काढा." सिस्टरना त्या जागच्या जागी आवडून गेल्या.

वरच्या खोलीत एक नवी कोरी गादी पसरलेली होती. सिस्टर बसल्या तशा कमरेपर्यंत आत गेल्या. "तुझ्यासाठी मुद्दाम भरली," बाई म्हणाल्या. "कापूस दोनदा पिंजला. हाडांना लागायला नको."

सिस्टर म्हणाल्या, "माझी हाडं ठणठणीत आहेत हो, बाई."

बाईंनी हातातली दाभण बाजूला ठेवली. मग फिल्टरवाल्यांना म्हणाल्या, "तुम्ही खाली जाऊन बसा जरा." ते गेल्यावर दार लावून त्या सिस्टरसमोर स्टूल ओढून बसल्या.

"तुझ्या नवऱ्याने मला शपथ घातलीय, बोलू नका म्हणून. पण मी बोलणार. माझा नवरा गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याच्यापासून लपवलं होतं. डॉक्टर म्हणाले सांगू नका, दीर म्हणाला सांगू नका. शेवटी त्याला आपलं आपणच कळलं. मरताना तो माझ्याकडे असा रागाने बघत होता, की जणू मी चोर आहे. तेव्हाच कानाला खडा लावला. तुझ्या पोटात गाठ आहे. पसरलीय. नवऱ्याने सगळ्यांना तसं कळवलंय, आणि तुला माहीत नाही, तिच्यासमोर विषय काढू नका, असंही कळवलंय. ही तुझी शेवटची सहल आहे, बाई. तुझं मरण आहे, तुला ठाऊक असायला हवं."

आता दुसरी कोणी असती तर हसली असती, नाहीतर भांडली असती. सिस्टरनी विश्वास ठेवला. ठेवणारच. आयुष्यभर त्यांनी हेच तर पाहिलं होतं. पेशंटच्या पायाशी उभं राहून "काही नाही हो, साधी सूज आहे" म्हणायचं, आणि बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांनी हात जोडायचे, "सिस्टर, त्यांना कळू देऊ नका." किती जणांना त्यांनी कळू दिलं नव्हतं! कपाळावर हात ठेवून, उशी सरळ करून, बेमालूम. आता ती उशी आपल्यासाठी सरळ केली जात होती. मास्तरीणबाईंचा हात, बिनतिखटाचं सूप, टायरवाल्याचा हुंदका, सगळं एका झटक्यात जागेवर बसलं. निवृत्त होताना पोटाची तपासणी झाली होती. डॉक्टरांशी बोलायला फिल्टरवालेच गेले होते आणि परत येऊन म्हणाले होते, "सगळं उत्तम आहे." कशावरून?

सिस्टरनी पोटावर हात ठेवला. दाबून पाहिलं. काही लागलं नाही, पण सुरुवातीला कुठे लागतं?

बाई शेजारी बसून राहिल्या. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

आणि मग घडलं ते सांगायला मला स्वतःला जड जातं, कारण पुढचं मला माहीत आहे. सिस्टर खाली आल्या तेव्हा फिल्टरवाले कापसाच्या ढिगावर रेलून झोपले होते. तोंड उघडं, कोपऱ्यातून लाळ आलेली, शर्टावर भाजीचा डाग. सकाळपर्यंत ज्या माणसाकडे बघवत नव्हतं, त्याच्याकडे त्या उभ्या राहून बघत राहिल्या. म्हणजे हा एवढं मनात घेऊन गाडी चालवत होता? वस्तू उचलत होता ते डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून. दोनदा वाढून घेत होता ते दुःख गिळायला. बेल वाजवण्याआधी चेहरा उतरायचा तो खरा चेहरा, आणि गाडीतला हसरा चेहरा आपल्यासाठी चढवलेला! पै पै धरून ठेवणाऱ्या या माणसाने आपल्याला शेवटचं जग दाखवायचं ठरवलं. आणि आपण? आपण बहिणीच्या खोलीचं बघत होतो. सिस्टरना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी गाडीतून ते मोजे आणले आणि बाईंच्या मोरीवर बसून धुतले. साबण लावून, उलटे करून, टाच घासून धुतले, आणि धुताना रडल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्यावर जीव जडला तो त्या एका संध्याकाळी. मोजे धुताना.

सकाळी फिल्टरवाले गाडीचं बॉनेट उघडून तेल बघत होते. सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला कळलंय सगळं. आता एकट्याने सोसू नका."

फिल्टरवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. "काय कळलंय?"

"माझ्या पोटातलं. बाईंनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही किती दिवस हे मनात..." सिस्टरना पुढे बोलवेना. त्यांनी नवऱ्याचा तेलकट हात धरला.

फिल्टरवाले क्षणभर बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, बॉनेटला धरून वाकले, डोळे पुसले.

"अगं वेडाबाई! तुला काहीएक झालेलं नाही. घोड्यासारखी आहेस. ते मी लिहिलं होतं, मंडळावर! नुसते नवरा-बायको फिरायला येतोय म्हटलं तर कोण दार उघडतंय? आणि तूसुद्धा फसलीस? तू? नर्स?" त्यांची छाती फुगली. "म्हणजे बघ काय लिहिलंय मी! एवढ्या वर्षांत हे कधी वाया गेलं नाही."

सिस्टरनी हात सोडला नाही. त्या शब्द जुळवत होत्या.

"एवढ्या वर्षांत म्हणजे?"

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण कौतुकाला हपापलेला कारागीर कधी गप्प बसतो? "धंद्यातसुद्धा हेच की! पाणी मागायचं, उसासा टाकायचा, आणि बाईने विचारलं काय झालं, तर म्हणायचं, घरी बायको अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात पाण्यातून आलं. संपलं! फिल्टर विकला. आधी किडनी सांगायचो, पण किडनीला लोक फार हळहळत नाहीत. मग गाठ काढली. गाठ चांगली चालली."

सिस्टरना बाजारातली ती बाई आठवली, जी ओळखपाळख नसताना हात दाबून "धीर सोडू नका" म्हणाली होती. एका पेशंटची आई आठवली, जिने 'फिल्टरवाल्यांच्या मिसेस' ऐकून भूत बघावं तसं बघितलं होतं आणि विचारलं होतं, "तुम्ही उठून कामाला पण लागलात?" सिस्टरना तेव्हा वाटलं होतं, मागच्या महिन्यातल्या तापाबद्दल विचारतेय. आपल्याच गावात, गल्लोगल्ली, त्या जन्मभर मरायला टेकलेल्या होत्या.

"आणि गाठीच्या आधी, किडनीच्या आधी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता. "सुरुवातीला काय सांगायचात?"

फिल्टरवाले जरा घुटमळले. मग त्यांनी खांदे उडवले. "सुरुवातीला बाळाचं."

सिस्टरना एक बाळ झालं होतं. मुलगी. पूर्ण दिवसांची, काळ्याभोर केसांची, आणि श्वास न घेतलेली. सिस्टर आपल्याच हॉस्पिटलात पंधरवडा पडून होत्या. फिल्टरवाले सकाळी येत, दोन मिनिटं बसत आणि बॅग उचलून धंद्याला जात. सिस्टरनी कधी त्याचा राग धरला नव्हता. पुरुषाचं दुःख पायांतून जातं, फिरतोय ते बरंय, असं त्या उलट इतरांना सांगायच्या.

"त्या पंधरवड्यात?" त्यांनी विचारलं.

"अगं, ते तर खरंच होतं ना! खोटं थोडंच होतं? बायकांच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. तेवढे फिल्टर मी पुढे कधीच विकले नाहीत. कंपनीने मला घड्याळ दिलं, आठवतं तुला?"

आठवत होतं. भिंतीवरचं घड्याळ. सिस्टर जन्मभर त्यात बघून ड्युटीला गेल्या होत्या.

इथून पुढे मी त्याला 'ते' म्हणणार नाही. जमणार नाही मला.

सिस्टरच्या पोटातून काहीतरी उसळून वर आलं. त्यांनी गाडीच्या दाराला धरलं आणि भर रस्त्यात भडाभडा ओकल्या. ज्या बाईला पू, रक्त, आतडी यांनी काही केलं नव्हतं, ती बाई एका तेलकट हाताच्या स्पर्शाने ओकत होती. काल रात्री घशाखाली उतरलेलं सूप, त्याआधीच्या घरांतला मऊ घास, फुकटची बिस्किटं, सगळं बाहेर आलं, तरी उमासे थांबेनात. त्यांना वाटलं, कातडीच सोलून काढावी. ज्या ज्या दारात याने आपल्याला नेऊन निजवलं, त्या दारांचा सगळा मळ अंगाला चिकटलाय.

फिल्टरवाला घाबरून इकडेतिकडे बघू लागला. "अगं, इथे नको, त्या बाई खिडकीतून बघतायत!" मग त्याचा चेहरा बदलला. त्याने आवाज खाली आणला, सिस्टरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बघू दे. बघू दे. बरंच झालं."

सिस्टरनी तो हात पाठीवरून झटकून टाकला. पदराने तोंड पुसलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"मी येत नाही पुढे."

"येत नाही म्हणजे? पुढचे लोक वाट बघतायत! बागाईतदार माणसं आहेत, मोठं घर आहे."

"तू जा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला अरेतुरे केलं, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. त्याला दुसरीच काळजी होती. "अगं, पण मी त्यांना काय सांगू?"

"तुला सुचेल," सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याने थोडा वेळ हॉर्न वाजवला. मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला. सिस्टरची बॅग मागच्या डिकीत, तशीच गेली.

गादीवाल्या बाईंना सिस्टरनी सगळं सांगितलं, बाळासकट. बाईंनी सांत्वन केलं नाही. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तू धडधाकट आहेस."

"हो."

"मग त्या मऊ गादीवर लोळायचं काही कारण नाही. खाली ये. मोठी ऑर्डर आहे." आणि त्यांनी सिस्टरच्या हातात दाभण दिली.

सिस्टरनी बहिणीला फोन करून सांगितलं, मी येतेय, राहायलाच येतेय. सीमेपलीकडे जाणारी बस आठवड्यातून एकदाच होती, तोवर त्या बाईंकडे थांबल्या. दिवसभर कारखान्यात गाद्यांना टाके घालायच्या. टाके घालायचा हात होताच. मात्र अंग अजून स्वच्छ वाटत नव्हतं. दिवसातून कितीदा तरी त्या मोरीवर जाऊन हात धूत, कोपरापर्यंत, ऑपरेशनला जाताना धुवावेत तसे. बाई बघायच्या आणि न बोलता साबण पुढे सरकवायच्या. जेवायला सगळ्यांचं तेच, तिखटजाळ. सिस्टर नाक पुसत पुसत जेवायच्या.

बसच्या आदल्या दुपारी बाईंचा मोबाईल वाजला. बाईंचे दोन्ही हात गादीच्या खोळीत कोपरापर्यंत गेलेले. "घे गं तो," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी घेतला. पलीकडून एक बाई आधीच रडत होती.

"गादीवाल्या बाई ना? मी बागाईतदारीणबाई बोलतेय, मंडळातली. नंबर मंडळातूनच घेतला. पाहुण्यांना न सांगता करतेय फोन. म्हटलं, तुमच्यावर काय प्रसंग गुदरला असेल! पाहुणी तुमच्याच घरी गेली म्हणे हो, तुम्ही दोनदा पिंजून भरलेल्या गादीवर."

एका दाराचं दुसऱ्या दाराला कधी कळत नाही, या भरवशावर त्या माणसाचा जन्म गेला होता. इथे दारं एकमेकांना फोन करतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कसे आहेत ते?" सिस्टरनी विचारलं.

"काय सांगू! आले तेव्हा उभं राहवत नव्हतं. दारातच पाणी मागितलं. आता जरा सावरलेत. आज दोनदा वाढून घेतलं, तेवढंच समाधान. म्हणाले, शेवटचा शब्द म्हणून तिने माझंच नाव घेतलं."

सिस्टरच्या घशात पुन्हा ते उसळलं, पण या वेळी त्यांनी ते गिळलं.

"त्यांना फोन द्या जरा."

कुजबुज झाली. पावलं वाजली. मग तो पाकातला आवाज आला, आज खास दमलेला, ओलसर. "बाई, तुमचे उपकार मी..."

"मी बोलतेय."

पलीकडे श्वास अडकलेला ऐकू आला.

"घाबरू नकोस, तिला मी काही सांगितलेलं नाही. शेजारीच उभी आहे ना ती? मग नुसतं ऐक. मी मेले हे चांगलं केलंस. आता मला मेलेलीच राहू दे. कुठल्या दारात परत आजारी पाडू नकोस, आणि माझ्या मुलीला तर कुठल्याच दारात नेऊ नकोस. नेलंस आणि माझ्या कानावर आलं, तर प्रत्येक दारात मी स्वतः चालत येईन. कळलं?"

"हो... हो बाई," तो म्हणाला. आवाज फुटला, आणि या वेळी तो कदाचित खरंच फुटला असेल. मागून त्या बाईंचा कळवळलेला आवाज आला, "रडू नका हो असे. या, थोडं खाऊन घ्या."

सिस्टरनी फोन बंद केला, पदराने पुसला आणि फळीवर ठेवला.

"कोण गं?" खोळीतून डोकं वर काढत बाईंनी विचारलं. "कोण गेलं?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. "ते टोक धरा तुमच्या बाजूने, टाका तिरका जातोय."